डावीकडच्या स्टिअरिंगची गाडी

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी रस्त्याकडेला झेंडूचे ढीग लागले की मला एक प्रकरण हमखास आठवतं. निवृत्त झाल्यापासून लोक विचारतात, साहेब, एखादी मोठी केस सांगा ना. त्यांना खून हवा असतो, टोळी हवी असते. मी हीच सांगतो. यात गोळी सुटली नाही, कुणाच्या मागे धावावं लागलं नाही. तरीही नोकरीतल्या कुठल्या कामाचं समाधान वाटतं असं कुणी विचारलं, तर मी याच कामाकडे बोट दाखवीन. नावं मात्र कुणाचीच घेणार नाही.

पिंपरी-चिंचवडमधल्या एका ठाण्यात मी तेव्हा निरीक्षक होतो. पितृपक्ष चालू होता. संकष्टीच्या दुपारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई मुलाचा हात धरून ठाण्यात आल्या. मुलगा म्हणजे चाळिशीचा माणूस, कानांवरचे केस पांढरे व्हायला लागलेले. पण समज लहान पोराची. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर बसून बाईंनी सांगितलं, "माझी गाडी चोरीला गेली."

आमचे हवालदार मावळातले, फिर्याद घेण्यात मुरलेले. "कुठली गाडी, मावशी? स्कूटर का?"

"नाही हो. मोटार. अमेरिकन."

"किती जुनी हाय?"

"माझं लग्न झालं तेव्हाही ती जुनीच होती."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. भंगाराची चोरी, असंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग त्यांनी अंदाजे किंमत विचारली. बाई उठल्या, माझ्या टेबलाशी आल्या आणि हळू आवाजात आकडा सांगितला. तेवढ्या पैशांत त्या वेळी वाकडला दोन फ्लॅट आले असते. मी त्यांना आत केबिनमध्ये बसवलं आणि चहा सांगितला.

बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचे यजमान इथल्याच एका कंपनीत इंजिनिअर होते. त्या कंपनीतला एक परदेशी तज्ज्ञ मायदेशी परतताना आपली गाडी त्यांना देऊन गेला, रीतसर कागदांसकट. दोन दारांची, लांबलचक बोनेटची, आठ सिलिंडरच्या दांडग्या इंजिनाची. अशा गाडीला हौशी मंडळी मसल कार म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. यजमान गेल्यावर ती प्राधिकरणातल्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये उभी होती. रोज संध्याकाळी मुलगा तिच्यात बसायचा, डावीकडचं स्टिअरिंग धरायचा आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढत आईला कुठे कुठे नेऊन आणायचा.

"मग विकायला का काढली?" मी विचारलं.

बाईंनी मुलाकडे पाहिलं. तो खिडकीतून आमची जीप बघत होता. "मी गेल्यावर याचं कोण बघणार, साहेब? तळेगावच्या पुढे अशा मुलांसाठी एक चांगलं घर आहे. जन्मभर सांभाळतात. पण त्यांना आधी मोठी रक्कम भरावी लागते. ती माझ्याजवळ नाही. ही गाडी म्हणजे याची पुढची भाकरी आहे."

मुलगा तेवढ्यात वळून म्हणाला, "पोलिसकाका, गाडी सापडली?"

अजून फिर्यादीवर सही व्हायची होती. मी म्हणालो, "शोधतोय."

आता चोरी कशी झाली ते ऐका. दर संकष्टीला बाई मुलाला घेऊन मोरयाच्या दर्शनाला जात. त्या दिवशी त्या गेल्यावर टोइंगची गाडी आली. दोघांनी गॅरेजचं दार किल्लीने उघडलं, मोटारीवर कव्हर होतंच, ती वर चढवली आणि निघून गेले. दिवसाढवळ्या. समोरच्या बंगल्यातले काका गेटवर उभे होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. उलट, गल्ली अरुंद म्हणून "येऊ द्या, येऊ द्या, बास" असं करत टोइंगवाल्याला गाडी मागे घ्यायला मदत केली! बाई गाडी विकणार हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. जबाब देताना काका घाम पुसत होते आणि मागे त्यांच्या सौभाग्यवतींच्या तोंडाचा पट्टा चालू होता. "मी तेव्हाच म्हटलं, अहो, पितृपक्षात कुणी गाडीचा व्यवहार करतं का? पण ऐकतंय कोण!"

काकूंचं म्हणणं बरोबर होतं. जुन्या गाड्यांचा लिलाव करणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीला बाईंनी दसऱ्यानंतरच गाडी न्यायला सांगितलं होतं. म्हणजे मधले हे दिवस गाडी जागेवरच असणार, बाई संकष्टीला घरी नसणार आणि गॅरेजला कुठली किल्ली लागते, हे सगळं ठाऊक असलेलाच कुणीतरी यात होता. असा माणूस माझ्या नजरेसमोर एकच येत होता. वाकडला राहणारा, जुन्या गाड्यांची दलाली करणारा, पस्तिशीचा, गोड बोलणारा. त्याने आधी येऊन गाडी पाहिली होती आणि भंगारापेक्षा थोडी बरी किंमत देऊ केली होती. बाई शिक्षिका, एकाच उत्तरावर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी फोटो काढून मुंबईला पाठवले आणि खरा भाव समजला. तेव्हापासून दलाल वरवर हसत होता, एवढंच.

मी त्याला बोलावलं. पण चोरीच्या दिवशी तो मुंबईत होता आणि त्याचा पुरावा त्याने खिशातच आणला होता. टोइंगच्या गाडीला नंबरप्लेट नव्हती. तळवड्यापर्यंत ती कॅमेऱ्यात दिसली, पुढे महाळुंगे-चाकणच्या ट्रकांच्या गर्दीत हरवली. त्या पट्ट्यात शेडा किती आहेत, हे तिथे काम केलेल्यालाच कळेल. प्रत्येक शटर उघडून बघायचं तर माझं सगळं ठाणं कमी पडलं असतं.

या काळात मी लिलाववाल्या गृहस्थांशी फोनवर बरंच बोललो. त्यांनी मला या बाजाराची शिकवणी दिली म्हणा ना. आपल्याकडे जुनी गाडी विकायची तर आपण पॉलिश मारतो, नवी सीटकव्हरं घालतो. इथे सगळं उलटं. कारखान्यातून निघताना लागलेला रंग जसाच्या तसा असेल, इंजिन मूळचंच असेल, कागद सलग असतील, तर बोली चढत जाते. तोच रंग कुणी नव्याने मारला, कितीही सुंदर मारला, तरी भाव कोसळतो. "साहेब, आमच्या धंद्यात गाडीवरच्या धुळीलाही मान असतो," ते म्हणाले. मला हसू आलं. पण हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, आणि पुढे फार उपयोगी पडलं.

बाई मधूनमधून ठाण्यात यायच्या. कधी तक्रार नाही, कधी वरच्या साहेबांचं नाव घेणं नाही. फक्त मुलगा विचारायचा, "सापडली?" आणि आमच्यातला जो कुणी समोर असेल तो मान खाली घालायचा. चिडून अंगावर येणाऱ्या फिर्यादीला तोंड देता येतं. या प्रश्नाला तोंड देणं आम्हा सगळ्यांनाच अवघड जात होतं.

खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी ठाण्यात शस्त्रपूजा असते. रायफली पुसून मांडलेल्या, जीपला हार, समोर रांगोळी. आमचे गुरुजी दरवर्षीचे ठरलेले. पण तो दिवस त्यांचा धावपळीचा, कारण महाळुंग्याकडच्या शेडांमधली मशीनपूजाही त्यांच्याकडेच असते. संध्याकाळी ते घामाघूम होऊन आले.

"किती वाट बघायची, गुरुजी?" मी म्हणालो.

"काय सांगू, साहेब! सकाळपासून लेथ झाले, प्रेस झाले, कंप्रेसर झाले. एका शेडमध्ये तर माझी पंचाईतच झाली." जीपच्या बोनेटवर स्वस्तिक काढता काढता ते बोलत होते. "मी नेहमी ड्रायव्हरच्या बाजूच्या चाकाशी नारळ वाढवतो. तिथे एक गाडी होती, कव्हर घातलेली. मालक म्हणतो, कव्हरावरूनच करा. मी म्हटलं, अरे, अशी बुरख्यात पूजा होते का? पुढून कव्हर वर केलं, स्वस्तिक काढलं. केवढं ते बोनेट! सवयीने उजव्या चाकाशी नारळ वाढवला आणि आत बघतो तर स्टिअरिंग डावीकडे! आता सांगा, दुसरा नारळ आणायचा की काय?"

माझ्यामागे हवालदारांच्या हातातलं तबक खाली आलं. "साहेब," ते हळूच म्हणाले, "आपली हाय ती."

मी गुरुजींना म्हणालो, "पूजा पुरी करा. मग आपल्याला परत त्या शेडवर जायचंय."

दोन पंच घेऊन आम्ही तडक निघालो. शेड लोखंडी रॅक बनवणाऱ्या एका कारागिराची होती. माणूस बीडकडचा, बायकोसह शेडच्या मागेच राहणारा. आत ताज्या ऑइलपेंटचा वास भरलेला. नवरात्रात त्याने आपली सगळी मशीनं घासून हिरवीगार रंगवली होती, प्रत्येकाला हार होता. कोपऱ्यात कव्हराखाली बाईंची गाडी होती. कव्हर काढलं. रंग मूळचाच, थोडा विटलेला, आणि त्यावर ओलं कुंकवाचं स्वस्तिक. चाकाशी नारळाचं पाणी अजून वाळलेलं नव्हतं.

कारागिराने हात जोडले. "साहेब, म्या चोर न्हाई. एकानं फोनवर जागा मागितली. सिनेमाच्या शूटिंगची गाडी हाय म्हणला. टोइंगवाला आणून लावून गेला. त्या मानसाचं तोंड बी बघितलं न्हाई म्या."

"तुला कव्हर काढू नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"व्हय, सांगितलं व्हतं."

"मग पूजा कशाला केलीस?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विचित्र विचारलंय. "साहेब, खंडेनवमी हाय आज. माझ्या छपराखाली समद्या मशिनींची पूजा झाली आन् ती एकटीच बिनपूजेची ठिवायची? पाव्हणी असली म्हणून काय झालं!"

त्याची बायको दारात उभी राहून रडत होती. मी तिला सांगितलं, घाबरू नका, खरं बोलतोय तो. इतक्या वर्षांत खरं बोलणाऱ्याचा आवाज ओळखू यायला लागतो. पंचनामा झाला, गाडी कव्हरासकट ठाण्याच्या मागच्या आवारात आणली. फोन नंबर तपासला, तो भलत्याच माणसाच्या नावावर आणि बंद. म्हणजे माल सापडला, पण चोर मोकळाच. उद्या वकील विचारेल, माझ्या अशिलाचा संबंध काय? आणि बाईंच्या डोक्यावर टांगती तलवार राहील.

गाडी सापडल्याची बातमी मी बाहेर जाऊ दिली नाही. दसऱ्याच्या दिवशी दलालाला चौकशीला बोलावलं. चौकशीत आवाज चढवायची मला सवय नव्हती. चहा मागवायचा, समोरच्याला बोलू द्यायचं. माणूस स्वतःच्या आवडीच्या विषयावर आला की त्याचा पहारा ढिला होतो, हा माझा अनुभव.

"कसं आहे," दलाल म्हणाला, "बाईंना कुणीतरी भलती आशा लावली. रंग उडालेला, सीटा फाटलेल्या. भंगार होतं ते, साहेब."

"मग ठीक," मी म्हणालो. "फार नुकसान झालं नाही म्हणायचं. गाडी सापडली."

तो कप उचलत होता, थांबला. "सापडली? वा! कुठे?"

"एका शेडमध्ये. पण तो शेडवाला दसऱ्याला सगळ्या मशीनना ऑइलपेंट मारतो. हिलाही मारला."

"पेंट?"

"हिरवा. ब्रशने. दोन हात दिलेत, चांगली चकाचक दिसतेय."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी शांतपणे चहा पीत राहिलो. तो उभाच राहिला. "हिरवा? ब्रशने? अहो, तो फॅक्टरीचा ओरिजिनल रंग होता! सबंध देशात असा पीस दुसरा मिळायचा नाही! मी त्या गाढवाला बजावून सांगितलं होतं, कव्हरला हात लावू नकोस म्हणून!"

 दारात हवालदार दुसरा चहा घेऊन उभे होते. "साहेब," त्यांनी विचारलं, "ह्यो ठेवू का, का बाहेर न्यू?"

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे वाचकांना सांगायला हवं. पण आरोपीने सांगितलेल्या जागेवरून जी वस्तू निघते, ती चालते. त्याला अटक केली. त्याच्या निवेदनावरून, पंचांसमक्ष, वाकडच्या त्याच्या फ्लॅटमधल्या चपलांच्या कपाटातून गाडीची आणि गॅरेजची अशा बनवून घेतलेल्या दोन्ही किल्ल्या निघाल्या, आणि तो बंद फोनही. गाडी बघायला आला होता, तेव्हाच त्याने किल्ल्यांचे ठसे घेतले होते. पुढे केस टिकली.

कोठडीत नेताना मी त्याला मागच्या खिडकीशी थांबवलं. बाहेर गाडी उभी होती, मूळच्या रंगात, कपाळावर कुंकू लावून. तो पाहत राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पकडला गेल्याचं दुःख होतं की गाडी वाचल्याचा आनंद, कोण जाणे. मला तर दोन्ही वाटलं. चोर असला तरी त्या गाडीवर त्याचा जीव होता, हे मी नाकारणार नाही.

गाडी मुद्देमाल झाली. कोर्टाचा हुकूम होईपर्यंत ती आमच्या आवारातच राहिली. बाईंनी परवानगी मागितली आणि पंचनाम्याला धक्का लागू नये इतपत काळजी घेऊन मी ती दिली. रोज संध्याकाळी मुलगा यायचा, डावीकडे बसायचा आणि तोंडाने गाडी सुरू करायचा. आमचे हवालदार ड्युटी संपली तरी थांबायचे आणि शेजारच्या सीटवर बसून विचारायचे, "कुठं चाललोय, मालक?" तो सांगायचा, लोणावळा. कधी, बाबांच्या ऑफिसला. ज्या आवारात आयुष्यभर रडारड आणि हाणामारीच पाहिली, तिथे त्या संध्याकाळी मला इतकं बरं वाटायचं की मी घरी जायची घाई करत नसे.

लिलाववाले गृहस्थ गाडी पाहायला आले. कुंकवात तेल होतं, त्यामुळे बोनेटवर स्वस्तिकाचा फिकट डाग राहिला होता. ते हळहळले, जपून काढून बघू का, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "हात लावू नका. गुरुजींनी ते स्वस्तिक काढलं म्हणून ती सापडली." गृहस्थांनी थोडा विचार केला आणि हसले. शेवटी तो डाग गाडीच्या इतिहासात लिहिला गेला आणि आमच्या पंचनाम्याची नक्कल तिच्या कागदांना जोडली गेली. संग्रह करणारी माणसं गोष्टीलाही किंमत देतात म्हणे. बाईंच्या अपेक्षेहून बोली वर गेली. तळेगावच्या पुढच्या त्या घरात मुलाची जागा पक्की झाली, जन्मभरासाठी.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. कोर्टाचा हुकूम आला, गाडी बाईंच्या ताब्यात देण्याचा सुपुर्दनामा झाला, आता गाडी घरी न्यायची आणि तिथून लिलावाला पाठवायची. बाई केबिनमध्ये आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"साहेब, एक विनंती आहे. ती घरातून एकदा गेली. दुसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांदेखत जाऊ नये. इथूनच जाऊ दे."

"आणि तो विचारेल तेव्हा?"

"तेव्हा तुम्ही सांगा, पोलिसांकडे आहे. माझं एक वेळ ऐकणार नाही, तुमचं ऐकेल. तुम्ही एकदा शोधून दिलीत ना."

गाडी आमच्या आवारातूनच गेली. गुरुजींना मी बक्षिसासाठी शिफारस करतो म्हटलं, तर म्हणाले, दक्षिणा त्या शेडवाल्याने दिली की, दोनदा कशाला. शेडवाला साक्षीदार झाला, तारखेला न चुकता उभा राहिला. तो अजूनही दसऱ्याला घरी येतो, सोनं देतो आणि पाया पडायला वाकतो. मी त्याला वाकू देत नाही. खरं तर मीच त्याच्या पाया पडायला हवं. मुठीत सगळा तपास असल्याच्या थाटात मी फिरत होतो, आणि गाडी सापडली ती एका माणसाला पाहुण्या गाडीचीही उपेक्षा करवली नाही म्हणून. कॅमेरे, खबरी, वायरलेस हे सगळं लागतंच. पण माणसं आपली साधी रीत मनापासून पाळत असतात, त्यावर आमचं निम्मं खातं चालतं, हे मी या केसमध्ये शिकलो आणि त्याबद्दल मी ऋणी आहे.

बाई गेल्या वर्षी गेल्या. शेवटी शेवटी त्या शांत होत्या, असं तळेगावच्या पुढच्या त्या घरातल्या लोकांनी सांगितलं.

या प्रकरणात मी दोनदा खोटं बोललो. हिरव्या रंगाचं एकदाच बोललो. दुसरं दर वर्षी बोलतो. खंडेनवमीला झेंडूचा हार घेऊन मी तळेगावच्या पुढे जातो. मुलाचे केस आता पुरते पांढरे झालेत, तब्येत चांगली आहे, गालांवर तेज आहे. मला बघितलं की तो व्हरांड्यातून उठून येतो.

"पोलिसकाका, गाडी?"

"आहे. पोलिसांकडे."

"पूजा केली?"

"केली."

मग तो हार माझ्या हातातून घेतो आणि माझ्याच गळ्यात घालतो.